मनू, कागद शोध. सही मात्र थांबव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री आत्यांचा फोन आला आणि गावाकडं काय झालं ते कळलं. तू जुन्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या कागदावर नाव बदलल्याच्या नोंदींच्या, नकलांसाठी अर्ज केलास, ते चावडीवरून बाळूदादाच्या कानावर गेलं आणि त्यानं तुला फोन करून नको नको ते ऐकवलं. यात मला नवल नाही. कुणी आजोबांच्या काळातला उतारा मागितला की भाऊबंदांना त्याचं एकच कारण सुचतं, आणि मागणारी घरातली मुलगी असली तर बघायलाच नको. मला काळजी वाटली ती तुझ्या उत्तराची. ‘मला जमीन नकोय, वंशावळ हवीय, म्हणाल तिथं सही करून देते’ असं म्हणालीस म्हणे. मनू, सही करू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून पत्र.

तुझा वंशावळीचा तक्ता नीट बघितला. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातून तू चंद्रभागाबाईंचं नाव शोधून काढलंस. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते नाव ऐकलेलं नाही. नोकरी माझी रेकॉर्ड रूममध्ये झाली आणि घरचं नाव सापडलं तुला! फार बरं वाटलं. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनाही सांगून झालं.

आता त्या नावाचं काय करायचं ते ऐक. त्यांच्या नावापुढं ‘पोटगी’ असं आहे. पोटगी बहुतेक वेळा लागते विधवेला. म्हणजे पणजोबांना बहुधा भाऊ होता, तो तरुणपणी गेला आणि त्याची बायको घरातच राहिली. तुझ्या तक्त्यात पणजोबा एकटेच दिसतात, कारण त्यांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ आहे: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही अक्षरं दिसली की समजायचं, मागं आणखी माणसं आहेत आणि कागदावर ती येणार नाहीत. तसंच ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असला की त्याच्या नावाखाली अ.पा.क. म्हणून बहुतेक वेळा आईचं नाव असतं. एरवी जी बाई कुठंच सापडत नाही, ती तिथं सापडते.

फेरफाराची साखळी आजच्याकडून जुन्याकडं न्यायची. आजच्या सातबाऱ्यावर नावाशेजारी जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढला की मयत कोण, कधी गेला, वारस कोण हे कळतं. मग त्या मयताचं नाव ज्या फेरफारानं लागलं होतं तो मागायचा. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळं आपल्या मुंबई इलाख्यातल्या गावांत या वाटेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येतं, त्यामागं नाही. मराठवाड्यातल्या तुझ्या मैत्रिणीला हे लागू नाही. तिनं खासरा पाहणीपत्रकापासून, म्हणजे तिथल्या जुन्या जमीननोंदीपासून, सुरुवात करावी. तिथं त्यामागचे निजामाच्या काळातले कागद पुष्कळदा उर्दूत असतात.

साखळी तुटते ती बहुतेक दोन ठिकाणी. सातबारा पुन्हा लिहिताना कंसातली नावं, म्हणजे कमी केलेली, नव्या पानावर उतरवत नाहीत. म्हणून छापील उताऱ्यावर न थांबता जुना हाती लिहिलेला सातबारा मागायचा आणि कंसातलं प्रत्येक नाव टिपायचं. दुसरी अडचण एकत्रीकरणाची. 1947 च्या कायद्यानंतर सर्वे नंबर जाऊन गट आले. तू गट नंबर घालून 1930 सालचा फेरफार मागितलास, म्हणून तर ‘आढळ होत नाही’ असा शेरा आला. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घे. त्यात जुना सर्वे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. मग अर्ज पुन्हा कर, जुन्या नंबरानं.

1956 च्या वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदी मात्र सावकाश वाच. मुलींची नावं तिथं सासरच्या आडनावासकट येतात, कधी गावासकट. आणि खाली बऱ्याचदा एक ओळ असते: बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नावं कमी केली. तू ज्या कंसांतून बायका शोधते आहेस ना, ते कंस अशाच सह्यांनी आणि अंगठ्यांनी पडलेत. आत्यांना विचार त्यांच्या जबाबाबद्दल. मी नाही सांगायची.

बघ, पुन्हा तिथंच आले. असो.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना चौदा, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. त्यात जन्माच्या नोंदीला बाळाचं नाव पुष्कळदा नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, पुढं बापाचं नाव. म्हणून नावानं शोधू नकोस, बापाच्या नावानं शोध. मृत्यूचं कारण जसंच्या तसं खरं धरू नकोस. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतली माणसं बहुतेक ‘ताप’ या एका शब्दात गेलीत. त्या सालच्या ऑक्टोबरात एकाच घरातल्या दोन-तीन नोंदी लागोपाठ दिसल्या तर ती साथ असू शकते. पणजोबांचा भाऊ तिथं मिळतो का बघ. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात 1 जून ही जन्मतारीख दिसली की ती गुरुजींनी घातलेली आहे असं समजून तक्त्यात फक्त साल घ्यायचं, तेही ‘सुमारे’ लावून. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदींसाठी हीच सगळी दप्तरं तपासली गेली. त्यामुळं आमच्या वेळी ज्या गठ्ठ्यांची गाठ सुटत नव्हती त्यातले बरेच आता उघडलेले आहेत. निदान कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे तिथल्या माणसांना माहीत असतं.

नाशिक-त्र्यंबकला जाणार आहेस तर आपल्या तीर्थोपाध्यायांचं, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या नावांच्या वह्या ठेवणाऱ्या भटजींचं, घर आधी शोधून ठेव. तिथं आडनाव आणि मूळ गाव या दोन गोष्टींवर सगळं चालतं. हल्लीचं राहतं गाव सांगितलंस तर भलत्याच वहीत जाशील. मूळ गावाबद्दल शंका असेल तर कुलदैवत आणि देवक सांगून पाहायचं. वहीत जो आला त्यानं बापाचं, आज्याचं, चुलत्यांचं, भावांचं, मुलांचं नाव सांगितलेलं असतं आणि खाली सही असते. म्हणजे माहिती सांगणाऱ्याच्या डोक्यातली. दोन पिढ्यांपर्यंत भरवशाची, त्यापुढं तपासून घ्यायची. फोटो काढण्याआधी विचार, नाही म्हणाले तर वहीत लिहिलंय त्याच क्रमानं आणि तसंच उतरवून घे, तिथल्या तिथं दुरुस्त करू नकोस. दक्षिणा आधी बोलून ठेव. आणि आपली नोंद करशील तेव्हा तुझं नाव तुझ्या हातानं लिही, माझंही लिही, माहेरच्या नावासकट. ही सही खुशाल कर.

मोडीबद्दल तुझ्या त्या वंशावळीच्या ग्रुपमधल्या मंडळींवर भरवसा ठेव, पण एकावर नको. एकच कागद दोघांना वेगवेगळा पाठव आणि एकानं काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नकोस. मोडीत रेघ आधी ओढलेली असते, शब्द तोडलेले नसतात, र्‍हस्व-दीर्घ नसतं. वाचणाऱ्याला अपेक्षित नाव कळलं की तेच दिसायला लागतं. फोटो पूर्ण पानाचा पाठवायचा, चारही कडा दिसतील असा, वरून सरळ धरून. नुसती नावाची ओळ कापून पाठवलीस तर वाचणाऱ्याला त्या लेखकाचा ‘म’ आणि ‘न’ कसा असतो ते ताडून बघायला काही उरत नाही. रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) नंबर, दप्तर नंबर फोटोच्या नावातच घाल.

सालाचं गणित तूच कर. जुन्या कागदांवर तीन कालगणना दिसतात: शकात 78 मिळवायचे, फसलीत 590, आणि सुहूर सनात 599, की इसवी सन येतो. फसली आणि सुहूरचं साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून इंग्रजी जानेवारी ते मे असेल तर फसली-सुहूरला एक जास्त. सुहूर अरबी शब्दांत असतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, 1172. म्हणजे 1771-72. ग्रुपमधल्या त्या सद्गृहस्थांनी शक समजून 1250 काढलंय, त्यात काही अर्थ नाही.

त्याच सद्गृहस्थांनी आपल्याला कुठल्या सरदार घराण्याला जोडलंय, तेही मला पटलेलं नाही. मधल्या तीन पिढ्यांना कागद नाही, आडनाव सारखं एवढाच आधार. ‘बिन’ आणि ‘वलद’ पुढं बापाचं नाव असतं, ‘कोम’ पुढं नवऱ्याचं. असा जोड प्रत्येक पिढीला हवा. आज्याचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळं एकाआड एक तीच नावं येतात आणि दोन माणसांचा एक माणूस होतो. दोन पिढ्यांत साधारण पंचवीस-तीस वर्षांचं अंतर पडतंय का हे तपास, लगेच कळेल. जुन्या वंशावळी पुष्कळशा भांडणातूनच तयार झालेल्या आहेत: वतनाच्या वादातले करीने (घराण्याची लेखी हकिकत), महजर (सभेतले निवाडे), नाहीतर 1852 च्या इनाम कमिशनपुढं आपला हक्क सिद्ध करायला दिलेल्या. भाऊबंदकी नसती तर निम्मे कागद झालेच नसते. म्हणून वाचताना विचारायचं, हे लिहिणाऱ्याला काय मिळवायचं होतं आणि यात कोणाचं नाव त्याला नको होतं.

मदत मागताना एका वेळी एकच प्रश्न. नाव, गाव-तालुका, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, आणि आजवर काय बघून झालं. ‘आमच्या घराण्याची माहिती मिळेल का’ याला कोण उत्तर देणार? आणि घेतलंस तसं देही. ग्रुपमधल्या मॉरिशसच्या त्या बाईंना पूर्वजांचं गाव लागत नाहीये ना, त्यांच्याकडं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या, तिकडं गेलेल्या मजुरांच्या रजिस्टराची नक्कल आहे. त्यातलं गावाचं नाव इंग्रजी कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असणार. मोठ्यानं वाचून बघ. आणि त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नाही, सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. दोन्हीकडच्या गावांच्या याद्या लाव, सावंतवाडी संस्थान धरून. जिवंत माणसांच्या जन्मतारखा मात्र कुणालाही द्यायच्या नाहीत. आत्यांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय तक्त्यावर लावलायस, तो काढ.

किती बोलते आहे मी. तू चौतीस वर्षांची आहेस, एवढ्या मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं आहेत, आणि मी तुला फोटो सरळ धरायला शिकवते आहे. राग मानू नकोस. तुझ्या बाबांना सर्वपित्रीला सात नावं पाठ म्हणता यायची; भटजी तीन विचारायचे आणि हे थांबायचेच नाहीत. तू पाटाशेजारी बसून बोटांवर मोजायचीस आणि एकदा विचारलंस, यात आज्यांची नावं कुठं आहेत? भटजींनी माता, मातामही सांगितल्या. बाबांना आईच्या आईचं नाव आठवेना. नंतर दोन दिवस ते गप्प होते. मग मावशीआजींना पत्र घालून नाव विचारून घेतलं, ते तुझ्या पाटीवर लिहून दिलं. राधा.

आता शेवटचं, आणि हे आई म्हणून नाही, अव्वल कारकून म्हणून. बाबा गेल्यावर वारस नोंदीनं तुझं आणि माझं नाव लागलंय. ते कमी करायला हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की ‘रागाच्या भरात केलं’ म्हणून मागं घेता येत नाही. एका गटाचं म्हणून समोर ठेवतात आणि आत ‘सर्व मिळकती’ असं लिहिलेलं असतं. जमीन तुला नको असेल तर नको. ते ठरवायचा हक्क तुझाच, मी आड येणार नाही. पण बाळूदादाचा आवाज चढला म्हणून, आपण लोभी नाही हे दाखवायला म्हणून, ते करू नकोस. त्यालाही भीती आहे. त्याच्या बापानं विहिरीला घातलेले पैसे कुठल्याच कागदावर नाहीत, हे त्याला माहीत आहे. त्याला तक्त्याची प्रत पाठव, त्याच्या मुलींची नावं ठळक घालून. आणि अर्ज करण्याआधी यापुढं त्याला एक फोन करत जा; परवानगी म्हणून नाही, घरचा मोठा म्हणून.

गावाला निघायच्या आधी मला फोन कर. मी येते बरोबर.

तुझी,
आई

ता.क. लोखंडी पेटीतले मोडी कागद कुरिअरनं मागवू नकोस, मी आणून देईन. दुकानदार कितीही म्हणाला तरी लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेपही नाही. दोन्हींनी कागद कायमचा जातो. सुती कापडात सैल बांधून ठेव.