लाइफ जॅकेटची तपासणी कोण करणार?

महोदय,

वैनगंगेवरील आमच्या गावाजवळच्या पुलाच्या दुरुस्तीवर पाण्यावर बांधलेल्या पराँचीवर चढणाऱ्या मजुरांना लाइफ जॅकेट दिली जातात, ही समाधानाची बाब आहे. मात्र ती एकदा वाटली की पुन्हा कोणी पाहत नाही. परवा त्यांपैकी एक हातात घेतले, तेव्हा मूळचा केशरी रंग विटून पिवळसर झाला होता, खांद्याजवळची शिवण उसवली होती आणि तुटलेल्या बकलऐवजी सुतळीची गाठ मारलेली होती. दुपारच्या जेवणात हीच जॅकेट बैठक म्हणून वापरली जातात (उन्हाने तापलेल्या गिट्टीवर बसणाऱ्याला दोष तरी काय द्यावा!), पण सतत दाबला गेलेला फोम पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची क्षमता घटते. विदर्भाच्या उन्हात कापड आणि पट्टेही कमकुवत होतात.

पाळीच्या सुरुवातीला मुकादमाने प्रत्येक पट्टा ओढून आणि बकल लावून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. ओली जॅकेट सावलीत वाळवावीत, त्यांना डिझेल-ऑइल लागू देऊ नये. हवेने फुगणाऱ्या जॅकेटची काळजी निराळी: ती तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावीत आणि सकाळी हवा उतरली आहे का, हे पाहावे, आतील वायूच्या नळकांड्याचे वजन त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडावे, कारण कमी भरले तर ते बदलावेच लागते. फाटके जॅकेट तिथेच कापून टाकावे, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाच्या तरी अंगावर दिसते.

पावसाळ्यापूर्वी संबंधित अभियंत्यांनी ही तपासणी नोंदवहीत घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा