गणेशच्या गोळ्या आणि दोन हजारांची बाटली

सेलू, जि. परभणी
दि. १४ सप्टेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि बाटलीचा फोटो मिळाला. गणेशच्या टीबीवर ही दोन हजारांची बाटली घ्यावी का, असं तू विचारलंस. फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं पाव्हण्यारावळ्यांना विचारतोस, म्हणून सगळं लिहूनच देतो. आधी उत्तर: ती बाटली घेऊ नकोस. घेतली असशील तर फोडायच्या आत परत कर. आणि गणेशच्या सरकारी गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नकोस.

फोटो मोठा करून लेबल वाचलं. विटॅमिन सी, विटॅमिन ई, झिंक, सेलेनियम, द्राक्षबियांचा अर्क, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की हे औषधी वापरासाठी नाही. विकणाऱ्याने तो कोपरा अंगठ्याखाली धरला असणार. असल्या बाटल्या माझ्याही मेडिकलच्या फळीवर आहेत, आणि त्यात सुटतं ते तापाच्या गोळ्यांत कधी सुटत नाही. त्यामुळे मी काही धंद्याच्या जळफळाटाने बोलत नाही.

'अमेरिकेत शोध लागलाय' असं त्या विकणाऱ्याने तुला सांगितलं, ते मात्र निव्वळ थाप नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये विल्यम जेकब्ज यांची मंडळी आयसोनियाझिडवर काम करत होती. हे आयसोनियाझिड गणेशच्या गोळीतल्या चार औषधांपैकी एक. टीबीचे जंतू त्याला दाद देईनासे कसे होतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी जंतूंच्या फ्लास्कमध्ये आयसोनियाझिडसोबत सिस्टीन टाकलं, म्हणजे आपल्या डाळी-अंड्यांतल्या प्रथिनांमध्ये असतं ते गंधकवालं अमिनो आम्ल. वाटलं होतं तगडे जंतू उरतील, तर फ्लास्कमध्ये एकही जंतू उरला नाही! मग सिस्टीनऐवजी विटॅमिन सी घालून पाहिलं. त्याने तर आयसोनियाझिडशिवाय एकट्यानेच जंतू मारले, औषधांना न जुमानणारेसुद्धा. हे २०१३ साली छापून आलं.

गंमत अशी की अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची नासधूस करणाऱ्या ऑक्सिडंटांना आवरणारं, म्हणून विकलं जाणारं विटॅमिन सी तिथे उलटं वागलं. लोहाच्या संगतीने त्याने जंतूंच्या आत जहाल ऑक्सिडंट तयार केले आणि जंतू त्यानेच मेले. सिस्टीनचा मार्ग वेगळा, तो २०१७ साली पुढे आला. आयसोनियाझिड सुरू झालं की काही जंतू श्वास मंद करून दडून बसतात, आणि दडलेल्यावर औषध चालत नाही. म्हणून तर महिनोन् महिने गोळ्या खाव्या लागतात. सिस्टीन त्यांना दडू देत नाही, श्वास चालूच ठेवायला लावतं.

पण फ्लास्क म्हणजे गणेशची छाती नव्हे. त्या फ्लास्कमध्ये विटॅमिन सीचं जेवढं प्रमाण होतं, तेवढं तोंडाने गोळ्या खाऊन रक्तात चढतच नाही. एका हद्दीपुढे शरीर ते लघवीवाटे टाकून देतं. उंदरांवर पाहिलं तेव्हा नुसत्या विटॅमिन सीने काहीच झालं नाही. टीबीच्या औषधांसोबत दिलं तेव्हा फुप्फुसातले जंतू जरा लवकर कमी झाले. मामला एवढाच आहे. तुझ्या माणसाने त्याची दोन हजारांची बाटली केली.

त्यातल्या विटॅमिन ईचं तर मला भ्यावच वाटतं. फिनलंडमध्ये पन्नाशी-साठीतल्या २९ हजारांवर विडी-सिगारेटवाल्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला होता. त्यात ज्यांच्या जेवणात विटॅमिन सी आधीच भरपूर होतं, त्यांना वरून विटॅमिन ई दिल्यावर टीबी व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ती माणसं निरोगी होती, गणेशसारखी आजारी नव्हती, म्हणून ते जसंच्या तसं त्याला लावता येत नाही. पण 'फायदा नाही झाला तरी तोटा काय' असं तू लिहिलंस ना, त्यावर हे उत्तर. आणि गणेशची बिडी सुटली की नाही, ते तू चलाखीने लिहिलंच नाहीस.

या सगळ्यात मला अर्थ दिसतो तो एकाच वस्तूत, एन-ॲसिटिल सिस्टीनमध्ये. त्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या येतात, पाण्यात टाकल्या की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. कफ पातळ करायला डॉक्टर रोज लिहून देतात, आणि पॅरासिटॅमॉलची विषबाधा झाली तर लिव्हर वाचवायला हेच देतात. टीबीच्या गोळ्यांचाही मोठा मार लिव्हरवर. इराणमध्ये साठीपुढच्या टीबी रुग्णांना गोळ्यांसोबत हे दिलं, तर पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या लिव्हरला त्रास झाला नाही. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना झाला. पण प्रयोग साठेक माणसांचा, तेवढ्यावर सगळ्यांना द्या असं कोणी म्हणत नाही. गणेशला द्यायचं की नाही हे टीबीचे डॉक्टर ठरवतील. तू विचार जरूर, पण माझं नाव सांगून परस्पर आणू नकोस.

लिव्हरवरून आठवलं. लघवी नारिंगी होते म्हणून काकू घाबरल्यात, त्यांना सांग की तो रिफाम्पिसिनचा, म्हणजे त्या चारांतल्याच एका औषधाचा रंग आहे, गोळी पोटात गेल्याची पावतीच समजा. पण अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या, आणि पोटात आग होते म्हणून वरून अँटासिड ढोसायचं नाही, त्याने आयसोनियाझिड अंगी लागत नाही. सोबतची छोटी गोळी विटॅमिन बी-सिक्सची, ती हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून असते. तीही चालू राहू दे.

आता मुख्य, म्हणजे खाणं आणि वजन. गणेशचं वजन ४३ किलो, म्हणून तीन गोळ्या. झारखंडमध्ये रेशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला. टीबीच्या रुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. घरातल्या बाकीच्यांनाही शिधा दिला, तर त्यांना टीबी व्हायचं प्रमाण ३९ टक्क्यांनी उतरलं. गणेशच्या हिशोबाने ५ टक्के म्हणजे दोन किलोच्या वर थोडं. त्या बाटलीच्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी, तुरीची डाळ आणि शेंगदाणे आणून वर पैसे उरतात. सिस्टीन हवं ना तुला? ते त्यातच आहे. विटॅमिन सीला पेरू आण, जालन्याची मोसंबी आण. टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, खात्यावर आले का बघ. नसतील तर आधार-बँकेचं काय अडलंय ते आरोग्य केंद्रात विचार.

आणि ऊसतोड. सीबीनॅटमध्ये, म्हणजे थुंकीच्या त्या मशीनवरच्या तपासणीत, रिफाम्पिसिन चालतंय असं आलं, म्हणजे सहा महिन्यांत सुटका. पण पहिले दोन महिने संपतात न संपतात तोच दिवाळी होते आणि मुकादमाची गाडी दारात उभी राहते. तोवर ताप गेलेला, भूक लागलेली, गडी म्हणणार 'मी बरा झालोय, कोयता सोडून कसं चालंल?' पुढचे चार महिने तीनच औषधं असतात, पण तिथेच लोक गोळ्या सोडतात आणि पुढच्या वर्षी न जुमानणारा टीबी घेऊन येतात. माझं मत विचारशील तर यंदा त्याने जाऊच नये. उचल घेतली असेल आणि जावंच लागत असेल, तर निघायच्या आधी केंद्रात सांगा. निक्षय आयडीवर, म्हणजे त्याच्या टीबी नोंदणीच्या नंबरवर, कारखान्याजवळच्या दवाखान्यात नाव वळवून देतात, गोळ्या तिकडे मिळतात. आयडीचा फोटो गणेशच्याही मोबाइलमध्ये ठेव आणि वहिनींच्याही.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का? धाकट्या दोघांची तर आधी करा. टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात, त्याही फुकट.

मुकादमाकडून किती उचल घेतलीय तो खरा आकडा कळव. मला थोडंफार जमण्यासारखं आहे, आणि पावसाने सोयाबीन ठेवलं तर आणखी थोडं.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू