कृषिमंत्री साहेब, निंबोळ्या आमच्या पडवीत सडल्या

मा. कृषिमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, 3 एकर कापूसवाली. जूनमध्ये आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एक साहेब आले, म्हणाले ताई कडुनिंबाच्या निंबोळ्या गोळा करा, वाळवून ठेवा, पोळ्यापर्यंत सगळा माल उचलतो. आम्ही 11 बायकांनी निंदणाची मजुरी बुडवून झाडाखाली वेचल्या, गर धुऊन काढला, सावलीत वाळवल्या. पोळा गेला, दसरा आला, कोणी फिरकलं नाही. काल पोत्यात हात घातला तर आत गरम आणि ओलसर, बोटांना काळी बुरशी. फोन केला तर म्हणे निधी आला नाही. मग शब्द कशाच्या जोरावर दिला होता?

साहेब, ही आमची हौस नाही. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, त्यात माझे मालक. कापसाची पऱ्हाटी डोक्याबरोबर झाली होती, फवारा तोंडावरच येत होता. रात्री म्हणाले, लाइट लाव ना. लाइट चालूच होता. वाचले, पण पंप पाठीवर घेतला की अजून हात थरथरतात.

तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या फवारण्या निंबोळी अर्काच्याच. 5 किलो निंबोळीचा चुरा रात्री 10 लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी जुन्या लुगड्यातून गाळायचा, साबणाचं पाणी टाकून 100 लिटर करायचं आणि ऊन उतरल्यावर मारायचं, उन्हात त्याचा जोर जातो. मावा, तुडतुडे, बारीक अळी आवरते. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला ते पुरत नाही हे मला कळतं, तसा दावा मी करत नाही. पण निदान पहिले दोन महिने तरी माणसानं विषात उभं राहू नये ना?

हेच आम्ही बाटलीत भरून विकायचं म्हटलं तर 1968 चा कीटकनाशक कायदा, रजिस्ट्रेशन, लायसन. विषाचे डबे मात्र गावोगाव. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंट 2000 साली आपल्या लोकांनी भांडून रद्द करवलं, झाड आपलं म्हणून. आपलं म्हणजे नक्की कोणाचं, साहेब? वेचणारीचं तर दिसत नाही.

जेवढा शब्द दिला तेवढा माल उचला, नाहीतर गावात निंबोळी दळायची चक्की द्या, आमचं आम्ही बघू. 9 पोत्यांतली 4 गेली. आभाळ परत भरून आलंय, उरलेली 5 मी आज चुलीजवळ ओढून ठेवलीत.

आपली,
एक शेतकरी बाई