मोजा तर काढायला सांगा!

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला पायाच्या बंद धमन्या फुग्याने उघडण्यावरचा लेख वाचला. लेख बरा आहे. पण शेजारी चित्र निळ्या, फुगलेल्या शिरांचं? शिरा वेगळ्या, धमन्या वेगळ्या, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. आणि हे 'नवे तंत्र' म्हणे! अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ ला ८२ वर्षांच्या आजींची मांडीतली धमनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून रुंद केली. पाय कापून घ्यायला आजींनी साफ नकार दिला होता. मी तेव्हा तिसरीत होते. असो.

राग चित्राचा नाही. लेखात फुगा आहे, धमनी उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट आहे, पण पावलाची नाडी हाताने बघता येते, ही एक ओळ नाही.

आमच्या ह्यांना मधुमेह, वर तंबाखू. मंडईत जाताना तीन थांबे ठरलेले: पिठाची गिरणी, पानटपरी, दत्ताचं देऊळ. पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, म्हणायचे. मी टपरीवरून भांडायचे. डॉक्टरांनी मणका ठरवला आणि सहा महिने कमरेला पट्टा. पुढे रात्री पाय कॉटखाली लोंबता सोडून झोपायला लागले. बरं वाटतं म्हणे. अंगठा काळा पडला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्यामागे, आणि गप्पच झाले. घोट्याचा रक्तदाब घेतला. दंडाच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं की अडथळा धरतात. ह्यांचं ०.४.

जांघेतून तार घालून फुगा फुगवला. हे शुद्धीवर, पडद्याकडे बघून म्हणतात, "गिरणीपाशीच तुंबलंय." पाय वाचला, अंगठा गेला. सहा महिन्यांच्या फीचा हिशेब माझ्या वहीत आहे. त्यात मोजा काढायला एकदाही कुणी सांगितलं नाही.

त्याच पानावर लेखाच्या खाली 'ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ' करणाऱ्या तेलाची जाहिरात. वर डॉक्टर, खाली तेल. वाचकांनी काय ते निवडावं, असंच ना?

आणि शब्दकोड्याची उत्तरं दोन रविवार छापलेली नाहीत. उभा सात माझा अजून अडलाय.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा