डिझेलवरच्या कराला खासदारांच्या मताची नोंद हवी

मा. संपादक,

कळमना बाजारात रात्री तीनला माझा छोटा हत्ती भरतो. सांभार, पालक, टमाटरची कॅरेट. उजाडायच्या आत गोकुळपेठच्या बाजारात माल उतरवून मी घरी येतो. गाडीत एक लांबट वही असते. किती लिटर टाकले, काय भावाने, हे तिच्यात रोज लिहितो.

2020 च्या 6 मेचे पान बघितले तर काहीच वेगळे दिसत नाही, कारण पंपावरचा भाव जागचा हलला नव्हता. पण आदल्या रात्री केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवले होते. कच्चे तेल तेव्हा मातीमोल झाले होते. भाव उतरून आमच्या हाती जे पडायचे, ते करात गेले. माझे रोजचे पाच लिटर, म्हणजे दिवसाचे 65 रुपये. टाळेबंदीत भाजीवाल्या बायाच अडचणीत होत्या, त्यांना कॅरेटमागे जास्त भाडे कोणत्या तोंडाने मागायचे? पुढे 7 जूनपासून पंपावरचा भावही चढू लागला. त्या तीन आठवड्यांच्या पानांवर एकाखाली एक वाढते आकडे आहेत.

माझी मोठी पोरगी एमपीएससीचा अभ्यास करते. आपल्या खासदारांनी या करावर मत कुणीकडे दिले, एवढेच मी तिला शोधायला सांगितले होते. तिने दोन संध्याकाळी त्यात घातल्या आणि म्हणाली, "बाबा, मत कुणाच्याच नावावर नाही."

झाले असे. 23 मार्च 2020, म्हणजे जनता कर्फ्यूनंतरचा दिवस. लोकसभेत वित्त विधेयक, म्हणजे अर्थसंकल्पातल्या करांचे विधेयक, चर्चेविना, आवाजी मतदानाने (नुसते 'हो'-'नाही' ओरडून) मंजूर झाले. उत्पादन शुल्काचाच एक भाग असलेल्या विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा त्यातच पेट्रोलवर 10 वरून 18 आणि डिझेलवर 4 वरून 12 रुपये केली गेली. मे महिन्यात डिझेलचे हे शुल्क 4 वरून 9 झाले, ते जुन्या मर्यादेत बसलेच नसते. वाढलेल्या 13 पैकी उरलेले 8 रुपये रस्ते उपकराचे, आणि उपकरातला वाटा राज्यांना मिळत नाही. मेच्या वाढीची अधिसूचना सरकारची होती हे खरे, पण दार संसदेने उघडून दिले होते. ते उघडताना "हो" कोण म्हणाले आणि "नाही" कोण, हे कुठेच लिहिलेले नाही. सत्ताधारी असो की विरोधी, कुणीही आज माझ्यासमोर उभे राहून आपले मत दाखवू शकत नाही. मला हे फार लागले.

नावानिशी नोंद होऊ शकत नाही असे नाही. 8 ऑगस्ट 2016 ला जीएसटीच्या घटनादुरुस्तीवर लोकसभेत मतविभागणी झाली, म्हणजे मते नावानिशी मोजली गेली, बाजूने 443 मते पडली. घटनादुरुस्तीला मोजणी करावीच लागते. जीएसटी परिषद शिफारस करेपर्यंत पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर राहील, हेही त्याच दुरुस्तीत आहे. वित्त विधेयकाला मात्र आवाज पुरतो.

लोकसभेच्या नियम 367 प्रमाणे अध्यक्षांनी सांगितलेला कौल एखाद्या सदस्याला मान्य नसेल तर तो मतविभागणी मागू शकतो. मागणी विनाकारण आहे असे वाटले तर अध्यक्ष सदस्यांना नुसते जागेवर उभे करून मोजू शकतात. तरी मागणाऱ्याने मागावी तर! पक्षादेश मोडला तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते, हे मला कळते. पक्षाविरुद्ध जा, असे मी कुणालाच म्हणत नाही. कर लावायचा असेल तर लावा, रस्त्यांना पैसा लागतोच आणि माझी गाडीही त्याच रस्त्यांवर चालते. फक्त मत नावानिशी द्या. राज्याच्या व्हॅटबद्दल आमदारांनाही माझे हेच सांगणे आहे.

विदर्भातून दहा खासदार लोकसभेत जातात. पुढचे वित्त विधेयक येईल आणि त्यात इंधनाच्या कराचे कलम असेल, तेव्हा या दहांपैकी एकाने तरी उठून मतविभागणी मागावी. आणि संपादक महोदय, ती झाली तर दहाही जणांची नावे मतांसकट आपल्या अंकात छापा. बाजारात पेपर पहाटेच येतो, हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे वाचतात.

— एक मालवाहू गाडीचालक, पारडी, नागपूर