सुलतानच्या पुढच्या डाव्या खुराबद्दल

माथेरान,
१८ जानेवारी

प्रिय अंजू,

गेल्या शनिवारी पाठवलेला तो घोड्याच्या खुरांची ऊब दाखवणारा रंगीत फोटो तू वर्गात मुलांना दाखवलास, हे तुझ्या निरोपातून कळलं आणि मला रात्री झोप लागली नाही. एक खूर पिवळाधमक, म्हणजे उबदार, बाकीचे तीन निळेशार, म्हणजे गार. पिवळा तो बिननालाचा, निळे ते नालाचे. खाली मीच लिहिलं होतं, ‘बघ, नालानं रक्त कसं अडतं ते.’ तुझं लगेच उत्तर, ‘मग काढून टाका ना सगळे नाल!’

अंजू, मी लिहिलं ते चूक होतं. फोनवर सांगता आलं असतं, पण सांगण्यासारखं बरंच आहे, आणि तू मुलांना परत सांगशील तेव्हा पहिल्यापासून सांगावंस असं वाटतं. म्हणून पत्र.

तुला आठवतं ना, बारावीनंतर आपण इथं आलो होतो तेव्हा तुझा घोडा उतारावर घसरला होता. तू खाली उतरून त्याच्या मानेला मिठी मारलीस आणि घोडेवाल्याला विचारलंस, ‘याच्या पायात खिळे का मारता?’ पुढे मी जनावरांची डॉक्टर झाले, तू भौतिकशास्त्र शिकवायला लागलीस, पण तो प्रश्न आपल्या दोघींजवळ राहिला. नाल नकोतच असं मानणारी माणसं जगभर आहेत, आणि अगदी असाच एक फोटो त्यांच्यात फिरत असतो: तीन पाय नालांचे, थंड, एक पाय मोकळा, उबदार. माझ्या कॅमेऱ्यात तेच चित्र उमटलं तेव्हा मला वाटलं, पुरावाच हाती लागला.

झालं होतं असं. या वर्षी घोडे तपासायला येताना मी मोबाइलला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा आणला. दस्तुरी नाक्याजवळ घोडे उभे असतात तिथं पहाटे साडेसहाला गेले. गारठा चांगलाच होता, घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. सुलतान नावाचा एक तांबूस घोडा. त्याच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल चार दिवसांपूर्वी कुठंतरी पडला होता. नालबंद आला नव्हता, आणि मालकाची कमाई शनिवार-रविवारची, म्हणून तसाच चालवला होता. मी फोटो काढला आणि तिथूनच तुला पाठवला.

दुपारी नालबंदमामा आले. मी मोठ्या उत्साहानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी रंगांकडे एकदा पाहिलं आणि खाली बसून सुलतानच्या डाव्या खुरावर तळहात ठेवला. मग उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर. म्हणाले, ‘डॉक्टरबाई, हा पाय आजारी आहे.’

मी बोटं टेकवली. खुराच्या वर, सांध्याच्या मागच्या अंगाला घोड्याची नाडी लागते. निरोगी उभ्या घोड्यात ती शोधावी लागते. सुलतानची डाव्या पायातली नाडी ठणठण उडत होती. मामांनी पाय मांडीवर घेतला, सुरीनं तळवा हलकेच खरवडला. भिंत आणि तळवा जिथं जुळतात त्या फिकट रेषेत एक काळा ठिपका होता. त्याच्या मागं मामा जेमतेम दाण्याएवढं खोल गेले असतील, तोच राखाडी, घाण वासाचा पू बाहेर आला. सुलताननं एक लांब श्वास सोडला आणि पाय मामांच्या मांडीवर सैल टाकला. खडकावर नालाशिवाय चालून तळवा दुखावला होता आणि आत गळू झालं होतं. मी खूर धुतला, मॅग्नेशियम सल्फेटचं पोटीस बांधलं, धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यात हयगय चालत नाही.

म्हणजे बघ, त्या फोटोतला जो खूर मी तुला निरोगी म्हणून दाखवला, तोच सडत होता. आणि जे तीन मी रक्त अडलेले म्हटले, ते थंडीत गार पडलेले, धडधाकट खूर होते.

आता हे असं का होतं ते सांगते. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, निर्जीव, उष्णता फार न जाऊ देणारी. तिच्या आत जिवंत भाग असतो. दोन पुस्तकांची पानं एकमेकांत सरकवावीत तशा सहाशेच्या आसपास पातळ घड्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवतात, आणि त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते फक्त वरच्या कातडीची आणि भिंतीची उष्णता. त्यात वरचा काठ, जिथं केस संपून खूर सुरू होतो, तो सगळ्यात उबदार, आणि खाली जमिनीकडे जावं तसं गार. हे नाल असो वा नसो, दोन्हीकडे तसंच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घोडा स्वतःच खुरातलं रक्त कमी-जास्त करतो. धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या आडवाटा तिथं भरपूर असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ख्रिस्तोफर पॉलिट यांनी १९९० च्या सुमारास या वाटांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यामुळे एकच निरोगी खूर पहाटे हवेइतका गार आणि काही वेळानं काहीही न करता उबदार सापडू शकतो. आणि एका आजारात, ज्यात त्या घड्या सुजून सुटायला लागतात, खूर तापतो. त्याच पॉलिट यांनी २००४ मध्ये ॲन्ड्र्यू व्हॅन एप्स यांच्याबरोबर दाखवलं की तो आजार सुरू होताना पाय बर्फात ठेवला तर नुकसान कमी होतं. म्हणजे गारवा तिथं औषध ठरतो. ऊब म्हणजे तब्येत आणि गार म्हणजे आजार, हे माझं गणित मुळातच कच्चं होतं.

आता तुझ्या विषयातलं. दुसऱ्या दिवशी मामा दुसऱ्या एका घोडीचा पाय उचलून बसले होते. मी तळव्याचा फोटो घेतला तर नाल लालभडक! मी चकित झाले. मामांनी हात मागं घेतला आणि लाली गेली. परत हात जवळ नेला, लाली परत आली. घासून चकचकीत झालेल्या लोखंडात मामांच्या हाताची ऊब आरशासारखी दिसत होती, लोखंडाची स्वतःची नाही. मग मी वायरमनची काळी चिकटपट्टी नालावर बोटभर लावली, दोन मिनिटं थांबले. पट्टीवर एक आकडा, पट्टीशेजारच्या उघड्या लोखंडावर भलताच दुसरा. पट्टीचा आकडा खरा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांवाटे फार थोडी सोडतो आणि समोरची परत फेकतो. पट्टी, कातडी, खूर हे जवळजवळ सगळी आपलीच सोडतात. गंजलेला नाल बराच खरं बोलतो, घासलेला अजिबात नाही. नाल मारलेला आणि मोकळा खूर शेजारी ठेवून काढलेल्या चित्रात ही गफलत किती जणांनी तपासली असेल, याची मला आता काळजी वाटते. वर्गात हा प्रयोग करायला तुला स्टीलची वाटी आणि चिकटपट्टी पुरेल.

आणि रंग! रंग कॅमेरा ठरवतो. चित्रातलं सगळ्यात गार ते निळं, सगळ्यात गरम ते पिवळं, मग मधलं अंतर तीन अंशांचं असो वा तीसचं. मी तुला पाठवलेल्या फोटोवर आकडेच नव्हते.

त्यानंतर चार दिवस मी नीट मोजलं. घोडा सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला वीस मिनिटं उभा करायचा. खूर ब्रशनं कोरडे साफ करायचे, पाणी लावायचं नाही, कारण ओला खूर सुकताना गार पडतो. उन्हात अजिबात नाही. काळा खूर पांढऱ्यापेक्षा लवकर तापतो, आणि एका अंगाला ऊन लागलं की तेच आजार म्हणून दिसतं. अंतर सारखं, कोन सारखा. आणि तुलना त्याच घोड्याच्या डाव्या-उजव्याची. सारख्या जागी एका अंशाहून जास्त फरक आला तर हात लावून, नाडी बघून शोध घ्यायचा. यात एक फार कामाचं सापडलं: परवाच नाल मारलेल्या एका घोड्याच्या बाहेरच्या अंगाला, तिसऱ्या खिळ्याच्या वर, रुपयाएवढा उबदार डाग होता. खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला होता. घोडा अजून लंगडतही नव्हता. मामांनी तो खिळा काढला आणि तिथं पुन्हा खिळा मारला नाही. कॅमेरा इथं शोभून दिसतो.

मोकळ्या खुरांची तुलना मी बुधवारी केली. दिवाळीनंतर धनगर मंडळी मेंढरं घेऊन घाटावरून कोकणात उतरतात. नेरळच्या खाली कापलेल्या भातखाचरात त्यांचा एक वाडा, म्हणजे तळ, बसला होता. त्यांची तट्टं बुटकी, काटक, पाठीवर अख्खा संसार घेऊन चालणारी. या वाड्यातल्या एकाही तट्टाला नाल नव्हता. सकाळी दवानं भिजलेल्या मातीत उभी असताना त्यांचे खूर माझ्या माथेरानच्या नालवाल्या घोड्यांपेक्षा गार निघाले! म्हणजे त्या वेळी माझ्या फोटोच्या उलट. दोन तास चालून आल्यावर उबदार. वाड्यातल्या आजींनी तट्टाचा पाय उचलून मला दाखवला: तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग रुंद, रबरासारखा, टाचा मोकळ्या, भिंतीची कड वाटीच्या काठासारखी गोल झिजलेली. ‘चालतंय तसं झिजतंय, झिजतंय तसं वाढतंय,’ म्हणाल्या. तो खूर मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. इतका सुंदर खूर मी दवाखान्यात क्वचितच पाहिलाय. आणि त्याचं सौंदर्य कॅमेऱ्यात दिसत नव्हतं, डोळ्यांना आणि बोटांना कळत होतं.

मग तुझा प्रश्न, नाल काढायचे का? माझं मत सांगते. नालाचं नुकसान खरं आहे. वजन पडलं की खुराच्या टाचा किंचित फाकतात, ती हालचाल नालानं कमी होते. म्हणून तर खिळे पुढच्या अर्ध्या भागातच मारतात. कडक रस्त्यावर लोखंडाचा हादरा पायात चढतो. पेव्हर ब्लॉकवर लोखंड घसरतं. इथल्या घोडेवाल्यांची ती तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. नालाखाली भिंत झिजत नाही, म्हणून दीड महिन्यात काढून, कानशीनं घासून परत मारावाच लागतो. पैसे नाहीत म्हणून इथं तो दोन-दोन, तीन-तीन महिने राहतो, आणि मी पाहिलेले निम्मे लंगडे पाय त्यातून आलेत.

पण आयुष्यभर नाल वापरलेल्या घोड्याचे नाल एका दिवशी उपटून त्याला जांभ्याच्या खडकावर माणूस घेऊन चालवलं, तर काय होतं ते सुलताननं दाखवलं. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेवढा वेळ, मऊ जमीन, दर महिन्याला जाणकार हात आणि मालकाच्या घरात तेवढे दिवस चूल पेटवायची सोय, हे सगळं असेल तर काढा. मी इथल्या तीन मालकांशी बोललेय. पावसाळ्यात धंदा बसतो तेव्हा घोडे खाली नेतात. त्या चार महिन्यांत नाल काढून ठेवायला दोघं तयार आहेत. तिसरे सुलतानचे मालक, ते अजून विचार करताहेत. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. आठवड्यातले दोन दिवस कमाई आणि सातही दिवस घोड्याची चंदी, म्हणजे खुराक.

सुलतान बरा आहे. काल पोटीस सोडलं, जखम कोरडी होती, नाडी शांत होती. आज पहाटे साडेसहाला, त्याच जागी, चारही खुरांचा फोटो काढला. डावा आणि उजवा यांत अर्ध्या अंशाचा फरक. चारही निळे. मामा पुढच्या आठवड्यात त्याला नाल मारतील, आणि त्या वेळी मी इथं नसेन म्हणून खिळे कुठं मारायचे ते त्यांनी मला पेन्सिलीनं खुरावर काढून दाखवलं.

दोन्ही फोटो छापून सोबत पाठवतेय, या वेळी आकड्यांसकट. नालावरच्या चिकटपट्टीचाही आहे. वर्गात पहिला फोटो दाखवलास तसेच हे तिन्ही दाखव, आणि मुलांना विचार की आजारी पाय कोणता. काय उत्तरं येतात ते मला नक्की लिही. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
वैशाली