भिंतीवर मोर बास झाले, वखारीतल्या बायका येऊदेत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

शाळांच्या कंपाउंडवर, पुलाखाली चित्रं काढायची पद्धत आपल्या बेळगावात पण आलीय, छानच आहे, पण बघावं तिथं मोर, कमळ नाहीतर किल्ला. त्यावरून अमेरिकेतल्या ज्यो जोन्स ह्या चित्रकाराबद्दल लिहावंसं वाटलं.

हा सेंट लुईसचा, जन्म १९०९. वडील घरं रंगवायचे, त्यांना एक हात नव्हता, आणि पोरगा पण शाळा सोडून त्याच धंद्यात. आर्ट स्कूल वगैरे काही नाही, स्वतःच शिकला. मंदीत १९३४ ला बेकार गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवून जुन्या कोर्टाच्या इमारतीत चित्रकला शिकवायचा, ड्रेड स्कॉट ह्या काळ्या गुलामानं गुलामीतून सुटायला दावा लावलेली इमारत ती हीच. त्याचं १९३३ चं 'अमेरिकन जस्टिस' बघा एकदा. पुढ्यात मेलेली काळी बाई, शेजारी रडणारं कुत्रं, झाडाला फास, मागं घर जळालंय आणि पांढऱ्या झग्यातले क्लानवाले (काळ्यांना मारणारी गोऱ्यांची संघटना, कु क्लक्स क्लान) निवांत गप्पा मारत उभे! ती निवांतीच बघवत नाही हो. पुढं सरकारनं मंदीच्या काळात पोस्टाच्या भिंतींवर चित्रं काढून घेतली, त्यात यालाही काम मिळालं, कॅन्ससमधल्या सेनेका गावच्या पोस्टात १९४० ला यानं गहू आणि गव्हात राबणारी माणसं काढली.

आपल्याकडं काय कमी आहे? निपाणीच्या वखारीत तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायका, १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसलेले शेतकरी, वडगाव-खासबागचे विणकर, थंडीत पालं टाकून राहणारे ऊसतोड मजूर. ह्यातलं एक तरी भिंतीवर दिसतंय का?

आणि काढणारे पण इथंच आहेत. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसलेत, शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे ह्यांनीच रंगवलेले, हात अजून तसाच आहे. तरी काम जातं बाहेरच्या ठेकेदाराला, तो मोबाईलवरचं डिझाईन आणून चिकटवतो. पाटी कुठल्या भाषेत हा वाद पण चित्रात येत नाही, वखारीत मराठी बाई असते तशी कन्नड पण असते.

पुढच्या वेळी टेंडर काढताना निदान एक भिंत तरी ह्या पेंटर लोकांना द्या, मजुरी वेळेवर द्या, आणि काय काढायचं ते त्यांनाच ठरवूदेत.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव